चोक सेट करायचाय? गाडी आदल्या संध्याकाळी आणा
पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि कार्बोरेटरच्या मारुती ८०० वाल्या ग्राहकांसाठी

दिवाळी सरली, परभणीत पहाटेचा गारठा सुरू झाला, की आमच्या गॅरेजमध्ये एकच तक्रार येते. "सकाळी गाडी पकडत नाही, जरा चोक ओढून द्या." गाडी मात्र सेलू-जिंतूरहून पळत आलेली असते, बॉनेटला हात लावू देत नाही, आणि मालकांना अर्ध्या तासात परत निघायचे असते. अशा वेळी आम्ही नाही म्हणतो. त्याचा राग येतो हे ठाऊक आहे, म्हणून कारण इथे लिहून ठेवतो.

चोक फक्त गार इंजिनसाठी असतो. इंजिनबरोबर मॅनिफोल्डही (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणारी नळी) गार असते, त्यामुळे पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि बरेचसे आतल्या भिंतींवर ओले चिकटून राहते. ही तूट भरून काढण्यासाठी चोक कार्बोरेटरमधले हवा-पेट्रोलचे मिश्रण दाट करतो, म्हणजे त्यात पेट्रोल वाढवतो. तापलेल्या इंजिनवर चोकची केबल (नॉबपासून कार्बोरेटरपर्यंतची तार) कितीही काटेकोर बांधली, तरी ती बरोबर बसली की नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळीच कळणार. म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतो आणि सकाळचा पहिला सेल्फ आम्हीच मारतो. मुक्कामाचे पैसे घेत नाही.

सगळ्यांचा वेळ खाणारी चूक

ती म्हणजे केबल ताणून बांधणे. गाडी पकडली नाही की कुणीतरी बॉनेट उघडतो, कार्बोरेटरपाशी केबलचा स्क्रू सैल करतो आणि तार खेचून आवळतो. दुसऱ्या दिवशी गाडी चालू होते, सगळे खूश. पण आता नॉब पूर्ण आत दाबली तरी चोक थोडा लागलेलाच राहतो. गरम झाल्यावर गाडी स्लोला (उभी राहून नुसती चालू असताना) हेलकावे खाते, काळा धूर सोडते, एव्हरेज पडते. मग मिक्श्चरचा स्क्रू फिरवून पेट्रोल कमी केले जाते. दुपारी बरे वाटते, पण गार इंजिनला तेच मिश्रण पातळ पडते आणि सकाळी पुन्हा तोच तमाशा. की पुन्हा केबल खेचायची.

असे दोन-चारदा झालेली गाडी आमच्याकडे आली की चोकचे काम थोडक्यात आटोपते, पण मिक्श्चर, स्लो आणि प्लग यांना पहिल्यापासून हात घालावा लागतो. बिलात चोकपेक्षा ट्यूनिंगचा आकडा मोठा दिसतो तो यामुळे. आणि ते स्वस्तातले नुकसान. अर्धवट लागलेल्या चोकवर महिनाभर गाडी फिरली, तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर ट्यूनिंगआधी ऑइल बदला.

घरी काय बघायचे

इंजिन बंद ठेवा, नॉब पूर्ण आत दाबा. या स्थितीत कार्बोरेटरच्या टोकाला केबलमध्ये १ ते २ मिमी ढील हवी. ढील नसेल तर दुखणे सापडले. नॉब जड चालत असेल तर केबलच्या आउटरमध्ये (बाहेरच्या नळीत) धूळ बसली आहे. पातळ ऑइल सोडून पाहा. तारेला मोड आली असेल तर सरळ करत बसू नका, केबल बदला. तिन्ही गाड्यांच्या केबल आम्ही ठेवतो.

मारुतीत एअर फिल्टर काढल्यावर चोकची पाकळी समोर दिसते. नॉब आत असताना ती अगदी उभी राहिली पाहिजे आणि ओढल्यावर तोंड बंद झाले पाहिजे. सुरू करण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर एक-दोनदा दाबला तर चालतो.

पद्मिनीच्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये अशी पाकळी शोधू नका. तिथे गार इंजिनसाठी वेगळी स्टार्टरची वाट आहे आणि ती थ्रॉटल (पायाने उघडणारी झडप) बंद असतानाच पेट्रोल ओढते. म्हणून चोक ओढून सेल्फ मारताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवायचा नाही. पद्मिनीच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात, आणि त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

एसयू कार्बोरेटरच्या अ‍ॅम्बेसेडरचे गणित निराळे आहे. तिथे चोक जेटला (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीला) खाली ओढतो. नॉब ओढताना आधी साधारण ६ मिमीपर्यंत फक्त रेस वाढते, जेट नंतर हलते. त्यामुळे अर्धवट ओढून "चोकने काही होत नाही" म्हणू नका. अ‍ॅक्सिलरेटर पंप मारूनही उपयोग नाही, कारण पाय दाबताच जादा पेट्रोल सोडणारा पंपच या कार्बोरेटरला नसतो. नॉब आत दाबल्यावर जेट बोटाने वर ढकलून पाहा. ते अजून वर गेले, तर जेट अडकते आहे, केबलचा दोष नाही. नॉब आत असताना फास्ट आयडलचा (ती रेस वाढवणारा) स्क्रू आणि त्याला ढकलणारा कॅम यांत १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण ०.४ मिमी फट ठेवा. कार्बोरेटरच्या वरच्या डॅशपॉटमधले (नळकांड्यातले) २० नंबरचे ऑइलही बघा. बहुतेक गाड्यांत ते कोरडे सापडते, मग पिकअपला गाडी अडखळते आणि शिव्या चोकला बसतात.

गाडी चालू झाल्यावर नॉब हळूहळू आत घ्या. हिवाळ्यातसुद्धा एक-दोन किलोमीटरनंतर ती पूर्ण आत असलीच पाहिजे.

उन्हाळ्यात

मार्च ते जून आपल्याकडे चोकची गरज पडत नाही. लग्नसराईत वरातीमागे रांगणारी गाडी बंद पडली की ड्रायव्हर आधी चोक ओढतो, आणि प्लग ओले करून बसतो. ते दुखणे बहुतेक वेळा गाडीतल्या पेट्रोलच्या पंपात किंवा नळीत वाफ धरल्याचे असते. बॉनेट उघडा, पंपावर ओले फडके टाका, १०-१५ मिनिटे थांबा. प्लग ओले झालेच असतील तर चोक पूर्ण आत, अ‍ॅक्सिलरेटर खालपर्यंत दाबून धरा (पंप करू नका) आणि ५ ते १० सेकंद सेल्फ मारा.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ऊस आपल्याच शिवारातला, पण जुन्या कार्बोरेटरला ते मिश्रण जरा पातळ पडते आणि सकाळी चोक पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. जुनी रबरी नळी आणि डायफ्रॅम (पातळ रबरी पडदा) त्याने लवकर खराब होतात. सर्व्हिसिंगच्या वेळी सांगितलेत तर तेही बदलून देतो.

गाडी संध्याकाळी सहाच्या आत आणा. टाकीत निदान ५ लिटर पेट्रोल असू द्या, बॅटरी चार्ज असू द्या. आणि कोणता स्क्रू कुणी किती फिरवला ते आधीच सांगा, आम्ही रागावत नाही.