एटीव्हीच्या कार्ब्युरेटरमधील इंधनगळती : निदान

वाळू, चिखल किंवा शेतवाट अशा कच्च्या जमिनीवर रुंद, कमी हवेच्या टायरांनी चालणारे आणि मोटरसायकलसारखी मांड टाकून चालवायचे चारचाकी वाहन म्हणजे एटीव्ही. सुझुकीच्या 1983 सालच्या ‘क्वाडरनर एलटी125’ या मॉडेलपासून चार चाकांची एटीव्ही रुळली. पुढे मोठ्या इंजिनांच्या मॉडेलांत फ्युएल इंजेक्शन आले, तरी लहान आणि जुन्या गाड्या अजून कार्ब्युरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागावरच चालतात. त्यातून पेट्रोल गळणे ही त्यांची नेहमीची तक्रार होय. निदानाच्या दृष्टीने पेट्रोल कोठून टपकते याइतकेच ते केव्हा टपकते हेही महत्त्वाचे असते आणि बाहेर दिसणारी गळती ही बहुतेक वेळा सर्वांत कमी धोक्याची असते.

बहुतेक एटीव्हींत टाकी कार्ब्युरेटरपेक्षा उंच असते आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते. ते कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत, म्हणजे बाउलमध्ये साठते. बाउलमधला फ्लोट (तरंगता भाग) पातळीबरोबर वर येतो आणि टोकदार नीडलला (सुईला) पेट्रोल आत येण्याच्या भोकात, म्हणजे सीटमध्ये दाबून पुरवठा बंद करतो. हे बंद होणे जराही अपुरे राहिले की पातळी चढतच जाते. बाउलमध्ये उभी ओव्हरफ्लो नळी असल्यास जादा पेट्रोल तिच्यातून खालच्या रबरी पाइपवाटे जमिनीवर पडते. म्हणजे या पाइपमधून टपकणे हे बहुधा सुरक्षेच्या सोयीने आपले काम केल्याचे लक्षण असते, दोष आणखी वर असतो. अशी नळी नसलेल्या किंवा ती तुंबलेल्या कार्ब्युरेटरमध्ये तेच पेट्रोल एअर फिल्टरच्या डब्यात किंवा थेट इंजिनात उतरते.

तपासणी थंड इंजिनावर आणि उघड्यावर करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बंद गॅरेजच्या जमिनीलगत साचते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटू शकते. कार्ब्युरेटर बाहेरून पुसून कोरडा केला, पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) उघडला आणि काही मिनिटे पाहिले, तर ओल प्रथम कोठे धरते ते कळते. बाउलच्या जोडावर ओल आली तर गॅस्केट किंवा ओ-रिंग (जोड बंद ठेवणारी पट्टी किंवा रबरी कडी), तळाशी आली तर बाउल रिकामा करायचा ड्रेन स्क्रू, वरच्या तोंडाशी आली तर तडकलेला पाइप किंवा सैल क्लिप, असा उलगडा बहुधा तेथेच होतो. गाडी उतारावर उभी असताना थोडे पेट्रोल सांडणे मात्र दोष मानू नये, कारण फ्लोटची पातळी सपाट जमिनीच्या हिशोबाने लावलेली असते.

ओव्हरफ्लोमधून संथ पण अखंड गळती होत असेल तर प्रथम नीडलकडे पाहावे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने बाउलवर हलकेच ठोकल्यावर गळती थांबली, तर नीडल अडकली होती किंवा सीटवर कचरा होता असे समजावे. हा पुरावा आहे, दुरुस्ती नव्हे. अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या गाड्यांत वाळूचा एक कणही यासाठी पुरतो. नीडल काढून तिचे रबरी टोक उजेडात धरले की झिजलेल्या नीडलवर सीटची गोल खाच दिसते आणि तिच्यावर नख अडकते. नवी नीडल बसवूनही गळती कायम राहिली, तर काढता येणाऱ्या सीटच्या बाहेरची छोटी ओ-रिंग तपासावी. ती कडक झाली की पेट्रोल नीडलला वळसा घालून आत येते. बाजारातल्या स्वस्त दुरुस्ती-किटमध्ये अनेकदा नेमकी हीच ओ-रिंग नसते आणि मग दोष उगाच नव्या नीडलवर जातो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर फुगते किंवा चिरते, हेही येथे ध्यानात घ्यावे.

फ्लोट पोकळ असेल तर तो कानाशी हलवून आत पेट्रोल शिरले आहे का ते पाहतात. गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे आले तर छिद्र आहेच. पातळी मोजण्यासाठी ड्रेनच्या तोंडाला पारदर्शक नळी जोडून ती बाउलशेजारी उभी धरतात आणि ड्रेन स्क्रू सैल करतात. नळीत दिसणारी रेषा बाउलच्या जोडापासून किती अंतरावर असावी, ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्यावे, कारण हे माप सर्वत्र सारखे नसते. पातळी योग्य असूनही ओव्हरफ्लो गळत असेल, तर बाउलमधल्या पितळी नळीला केसासारखी चीर गेलेली असू शकते. बाउल काढून नळीच्या तोंडाच्या किंचित खालपर्यंत पेट्रोल भरावे. तरीही खालून थेंब पडला तर शंका उरत नाही. मेकॅनिक अनेकदा पातळी जुळवण्यासाठी फ्लोटचा पत्रा वाकवत बसतात, तेव्हा हा दोष हटकून नजरेतून सुटतो.

व्हॅक्यूमवर, म्हणजे चालू इंजिनच्या ओढीने उघडणारा पेट्रोल कॉक असल्यास त्याचा व्हॅक्यूम पाइप काढून पाहावा. तो आतून ओला असेल तर कॉकमधला डायफ्रॅम (रबरी पडदा) फाटला असून पेट्रोल कार्ब्युरेटरला डावलून इंजिनात जात आहे. उन्हात तापलेल्या टाकीच्या झाकणाची हवेची वाट बंद असेल, तर वाढलेला दाबही चांगल्या नीडलला हार मानायला लावतो.

कोणतीही गळती सापडल्यावर, विशेषतः रात्रभर गाडी उभी असल्यास, स्टार्टर दाबण्यापूर्वी ऑइलची काडी काढून पाहावी. ऑइलची पातळी वाढलेली, ऑइल पातळ झालेले आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर ते पूर्ण बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. तसे न केल्यास बेअरिंगांना वंगण मिळत नाही. सिलिंडरमध्येच पेट्रोल भरले असेल तर द्रव दाबला जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशा वेळी स्पार्क प्लग काढून, त्याची वायर दूर अर्थिंगला लावून, इंजिन हळूच फिरवून सिलिंडर रिकामा करतात.