अँजिओग्राफी : ‘ब्लॉक निघाले’ म्हणजे काय?

मिरजेत कॅथलॅबबाहेरच्या, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून हृदय तपासतात त्या खोलीबाहेरच्या, बाकड्यावर अर्धा तास बसलं की एक वाक्य कानावर येतंच : “अण्णांची अँजिओग्राफी झाली, दोन ब्लॉक निघाले.” निघाले म्हणजे दिसले की काढून टाकले, हे सांगणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं. जत-कवठेमहांकाळकडून धावत आलेल्या माणसाला त्याबद्दल काय बोलणार? अँजिओग्राफी ही हृदयाच्या धमन्यांतले अडथळे, म्हणजे ब्लॉक, दाखवणारी तपासणी. पण ती आणि उपचार एकाच टेबलावर, एकाच वाटेने होतात. पूर्वी मात्र असं नव्हतं. जवळपास वीस वर्षं अँजिओग्राफीत ब्लॉक नुसते दिसायचे.

विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचा दवाखाना सुरू केला, तेव्हा क्ष-किरणांचाही शोध लागायचा होता. तो लागला पुढच्या वर्षी. हाडं दिसू लागली, पण रक्तवाहिन्या दिसेनात. त्यांच्यात क्ष-किरण अडवणारा आयोडीनयुक्त डाय सोडावा लागतो, आणि तो हृदयापर्यंत न्यायचा कसा हा प्रश्न होता. १९२९ साली जर्मनीतल्या वेर्नर फोर्समन या पंचविशीतल्या डॉक्टरने लघवीसाठी वापरायची नळी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून ६५ सेंटीमीटर आत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. नळी हृदयात पोचली होती. कौतुक बाजूलाच राहिलं, वरिष्ठांची नाराजी ओढवली. नोबेल मिळालं ते १९५६ साली.

तरीही हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना हात लावायला कोणी धजत नव्हतं. त्यांत थेट डाय गेला तर ठोके बिघडून माणूस दगावेल, अशीच समजूत होती. ती मोडली एका चुकीने. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका तरुण रुग्णाच्या महाधमनीचं चित्रण करत होते. नळीचं टोक घसरून उजव्या कोरोनरी धमनीत शिरलं आणि लक्षात येईपर्यंत डायचा मोठा डोस तिच्यात गेला. हृदय काही सेकंद थांबलं. सोन्स यांनी रुग्णाला खोकायला लावलं, आणि खोकल्यासरशी ठोके परत सुरू झाले. एवढा डाय पचला, तर थोडा मुद्दाम सोडायला काय हरकत, हा विचार त्यातूनच आला, आणि हृदयाच्या धमन्यांची अँजिओग्राफी सुरू झाली.

सोन्स कोपराजवळ छेद देऊन नळी घालत. १९६७ साली मेल्विन जडकिन्स यांनी आधीच वळण दिलेल्या नळ्या जांघेतून नेल्या. त्या नळ्यांचं ‘जडकिन्स’ हे नाव कॅथलॅबमध्ये आजही रोज घेतलं जातं. त्याच वर्षी क्लीव्हलँडमध्येच रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरून बायपास केली, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट दिली. अडथळा नेमका कुठे आहे हे फिल्मवर दिसत होतं, म्हणूनच त्यापुढे जोड द्यायचा कुठे हेही ठरवता आलं.

‘निघाले’चा गोंधळ सुरू झाला १६ सप्टेंबर १९७७ ला. झुरिकमध्ये आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी नळीच्या वाटेनेच फुगा नेऊन जागं असलेल्या रुग्णाची धमनी रुंद केली. ती अँजिओप्लास्टी. तिच्यातही ब्लॉक बाहेर काढत नाहीत, भिंतीशी दाबून वाट मोकळी करतात.

१९८९ साली कॅनडातल्या ल्युसियाँ कँपो यांनी मनगटातून अँजिओग्राफी करण्याचे निष्कर्ष मांडले. जांघेतून केली की पाय सरळ ठेवून कितीतरी तास पडून राहावं लागतं. मनगटातून झालेले अण्णा थोड्याच वेळात मनगटाला पट्टा बांधून उठून बसतात. तेवढ्यात डॉक्टर बाहेर येऊन स्टेंटसाठी, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीसाठी, सही मागतात, तेव्हा समजावं की ब्लॉक आत्ता फक्त दिसलेत.