घाम वाळत नाही, पण झांज पोचते

१७ मे २०२५ची संध्याकाळ, मुंबईतलं महालक्ष्मी रेसकोर्स. शर्ट पाठीला चिकटलेला, खिशातला रुमाल पिळून काढावा इतका ओला. समोर गन्स अँड रोझेस. १९८५ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला हा बँड मी कॉलेजात असताना कॅसेटची फीत ताणून खराब होईपर्यंत ऐकला होता. त्या दिवशी गायक अ‍ॅक्सल रोझ ६३ वर्षांचा होता, गिटारवादक स्लॅश साठीच्या उंबरठ्यावर, आणि आम्ही ऐकणारेही त्याच वाटेवर.

पहिली काही गाणी मी गर्दीच्या पार मागे राहून ऐकली. गायक तिथून काडेपेटीतल्या काडीएवढा दिसत होता. आवाज ढबढबीत आणि गढूळ येईल अशी माझी तयारी होती. पण ड्रमच्या झांजांचा ‘छन्न’ स्वच्छ येत होता, त्याची मागे रेंगाळणारी शेपटीसुद्धा. हे कसं, याचं उत्तर माझ्या भिजलेल्या शर्टातच होतं.

आवाज म्हणजे हवेचं दबणं आणि सैलावणं. हवा दबली की किंचित तापते आणि त्या ऊर्जेतला थोडा वाटा ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या रेणूंच्या आतल्या थरथरीत शिरतो. ही उसनवारी असते. रेणूंनी ऊर्जा लगेच परत केली तर लाटेचं काही बिघडत नाही. परतफेडीला उशीर झाला तर लाट तोवर पुढे निघून गेलेली असते, आणि ती ऊर्जा नुसती उष्णता होऊन विरते. उंच पट्टीच्या आवाजाला हा उशीर जास्त नडतो. झांजेच्या झणकारात सेकंदाला आठ-दहा हजार कंपनं असतात, तिला वाट पाहायला वेळच नसतो.

इथे पाण्याची वाफ कामाला येते. पाण्याचा रेणू ऑक्सिजनच्या रेणूवर आपटला की ही देवघेव कितीतरी झपाट्याने होते. उष्ण, दमट हवेत लाटेला तिचं उसनं वेळेवर परत मिळतं. ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, म्हणजे आपली मे महिन्यातली मुंबई, तर ८००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ८००० कंपनांचा, आवाज दर १०० मीटरला सुमारे ६ डेसिबल (आवाजाची पातळी मोजायचं माप) हवेत गमावतो. १५ अंश आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या कोरड्या हवेत हाच तोटा सुमारे २० डेसिबल असतो. पहिल्या हवेत १०० मीटरनंतर साधारण चौथा हिस्सा ऊर्जा उरते, दुसऱ्या हवेत शंभरावा. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे १९५० मीटर उंचीवर लाल खडकांच्या कुशीत रेड रॉक्स नावाचं खुलं प्रेक्षागृह आहे. तिथल्या कोरड्या डोंगराळ हवेत साउंड इंजिनिअरला ही तूट भरून काढावी लागते. आमच्याकडे जी वाफ घाम वाळू देत नव्हती, तीच झांजेला माझ्यापर्यंत आणून पोचवत होती. त्यानंतर मी उकाड्याबद्दल तक्रार केली नाही.

खर्जाच्या आवाजाला मात्र हवा कसलीच असो, फरक पडत नाही. १२५ हर्ट्झच्या आवाजाला हवेत अख्खा किलोमीटर कापूनही एक डेसिबलचाही तोटा होत नाही. मैदानापासून लांब राहणाऱ्यांच्या खिडकीत गाणं शिरत नाही, फक्त ‘धब धब’ शिरतं, त्याचं एक मोठं कारण हे. त्यांचा वैताग मला समजतो. त्यांच्या वाट्याला गाण्यातलं सुख येतच नाही.

हवेने गिळलेला हा वाटा वेगळा, आणि निव्वळ अंतरामुळे होणारी घट वेगळी. उघड्यावर भिंती नाहीत, छत नाही; आवाज परतवून देणारं कोणी नाही. एका ठिकाणाहून निघालेला आवाज फुग्यासारखा फुगत जातो आणि अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. १० मीटरवरून १६० मीटरवर गेलात की २४ डेसिबल गेले. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स वाजवत होते तेव्हा समोर ५५ हजारांवर लोक होते आणि दिमतीला १०० वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर व स्टेडियमचे घोषणा करायचे स्पीकर. किंचाळ्यांपुढे गाणं ऐकूच आलं नाही. वाजवणाऱ्यांनाही आपलं वाजवणं धड ऐकू येत नव्हतं.

यावर बंडखोर तोड काढली ग्रेटफुल डेड या बँडने. १९७४ साली त्यांनी स्वतःच्या पाठीमागे सुमारे ६०० स्पीकरांची भिंतच उभी केली. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र स्पीकर, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळून फाटणार नाही. पण गायकाच्या माइकसमोरच एवढे स्पीकर वाजू लागले तर त्यांचाच आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजणारच. म्हणून दोन-दोन माइक उलट्या जोडणीने लावले. मागून येणारा आवाज दोन्हींत सारखाच शिरतो आणि एकमेकाला खोडून टाकतो. गायक एकाच माइकला तोंड लावून गातो, म्हणून त्याचा आवाज तेवढा वाचतो. ही युक्ती मला आजही फार देखणी वाटते. ती भिंत ट्रकमधून गावोगाव नेणं मात्र परवडेना, आणि वर्षभरात ती इतिहासजमा झाली.

आज स्टेजच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे लटकणारे स्पीकर दिसतात, ते लाइन अ‍ॅरे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्तियाँ एल यांनी १९९२ साली त्याचं आजचं रूप आणलं. एकाखाली एक जोडलेले बरेच स्पीकर मिळून एकच लांब पट्टी असल्यासारखे वागतात. आवाज वर-खाली उधळत नाही, फक्त आडवा पसरतो, आणि बऱ्याच अंतरापर्यंत दुप्पट अंतराला ६ऐवजी ३ डेसिबलच घट होते. ते उंच टांगण्याचं कारणही साधं आहे. माणसांची शरीरं आणि कपडे उंच पट्टीचा आवाज शोषून घेतात. डोक्यांवरून आलेला आवाज मागच्या रांगेला मिळतो, डोक्यांमधून आलेला पुढच्याच रांगा खातात.

मैदानाच्या मध्यावरही काही खांबांवर स्पीकर असतात. त्यांची गंमत वेळेत आहे. ३० अंशाला आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर धावतो. तारेतली वीज त्याच्यापुढे जवळजवळ तात्काळ पोचते. १०० मीटरवरचा खांब स्टेजबरोबरच वाजला तर तिथल्या श्रोत्याला आधी खांब ऐकू येईल आणि पावणेतीन-तीन दशांश सेकंदाने स्टेज. प्रत्येक शब्द दोनदा. म्हणून खांबाला मुद्दाम उशिरा वाजवतात. २८ जुलै १९७३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनच्या उन्हाळी मैफलीला सुमारे सहा लाख लोक लोटले, तेव्हा डिजिटल यंत्रांनी असा उशीर करून मागचे मनोरे वाजवले होते.

आणि हा उशीर हिशेबापेक्षा दहा-पंधरा मिलिसेकंद जास्तच ठेवतात. जर्मनीत हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवून दिलं की एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्याशा अंतराने आला, तर आपला मेंदू पहिला येणारा खरा मानतो आणि दुसरा त्यातच मिसळून टाकतो, दुसरा मोठा असला तरी. म्हणून डोक्याजवळचा खांब जोरात वाजत असतानाही आपल्याला वाटतं की गाणं समोरून, स्टेजवरूनच येतंय. संध्याकाळ होऊन हवा दहा अंशांनी उतरली तर १०० मीटरवरचं गणित ५ मिलिसेकंदांनी चुकतं, आणि कन्सोलवर, म्हणजे आवाज जुळवायच्या यंत्रावर, बसलेला माणूस ते दुरुस्त करतो. एवढी काळजी आपल्यासाठी कोणीतरी घेत असतो हे कळल्यापासून मी कार्यक्रम संपल्यावर कन्सोलच्या दिशेनेही टाळ्या वाजवतो.

टाळ्यांवरून आठवलं. गाणं मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. १५० मीटर मागे उभा असलेला माणूस अगदी लयीत टाळी देतोय असं त्याला वाटतं. पण तो ठोका त्याच्यापर्यंत ०.४३ सेकंद उशिरा आलेला असतो, आणि त्याची टाळी स्टेजवर पोचायला तेवढाच वेळ पुन्हा लागतो. गायकाला ती ०.८६ सेकंद उशिराने ऐकू येते, जवळजवळ दोन ठोके मागे. मैदानभर लाखभर हात असे पायरीपायरीने मागे पडत जातात. गायक त्या टाळ्यांवर विसंबून गायला लागला तर गाणं बसत जाईल, ठोका-ठोक्याला संथ होत जाईल. कानात बसवलेला छोटा स्पीकर त्याला यातून वाचवतो.

सूर्य मावळल्यावर आणखी एक बदल होतो. दुपारी जमिनीलगतची हवा सर्वांत गरम असते आणि गरम हवेत आवाज वेगाने धावतो. त्यामुळे लाटेचा खालचा भाग पुढे सरकतो आणि लाट आकाशाकडे वळते. दूरवर आवाजाची सावली पडते, म्हणजे तिथे आवाज नीट पोचत नाही. मोकळ्या गवताळ मैदानावर रात्री जमीन लवकर निवते, क्रम उलटतो आणि तीच लाट खाली वाकते. वाऱ्याचंही तसंच: वाऱ्याबरोबर जाणारा आवाज जमिनीकडे वळतो, वाऱ्याविरुद्धचा वर उचलला जातो. रेसकोर्सच्या पश्चिमेला हाजी अलीचा समुद्र. तिकडून वारा वाहत असला की महालक्ष्मी स्टेशनच्या बाजूला गाणं जास्त पोचणार.

आता कानांबद्दल, आणि हे मी कळकळीने लिहितोय. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी साधारण पंधरा हजार असतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात, पण दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांसाठी सुचवलेली सरासरी कमाल पातळीही १०० डेसिबलच आहे. म्हणजे ती पाळली तरी दोन-तीन तासांचा कार्यक्रम कानांवर भारीच पडतो. द हू या बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड कानांतल्या कायमच्या गुंजनाबद्दल अनेक वर्षं उघडपणे बोलत आला आहे. एसी/डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ साली बहिरेपणाच्या धोक्यामुळे दौरा अर्धवट सोडावा लागला. फोमचे स्वस्त बोळे वरचा आवाज जास्त कापतात आणि गाणं रजईखाली गेल्यासारखं वाटतं. वादकांसाठी बनवलेले बोळे सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच उतरवतात. मी तेच वापरतो, आणि बरोबर आलेल्या मुलांच्या कानांतही घालायला लावतो.

त्या रात्री मधली गाणी मी कन्सोलच्या तंबूला टेकून ऐकली. इंजिनिअर जे ऐकून आवाज जुळवतो, तेच आपल्याला तिथे मिळतं. मैदानातली याहून चांगली जागा मला माहीत नाही. शेवटच्या गाण्याला मात्र मी मुद्दाम पुन्हा मागे गेलो, गर्दी संपून नुसतं गवत उरतं तिथपर्यंत. कानांतले बोळे क्षणभर काढले. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. आणि त्या चिकट हवेतून, गिटारच्या मागून, झांज येत होती.