खुर्ची रंगवायची म्हणजे लाकूड उघडं पाडायलाच हवं? नाही हो
जुन्या डायनिंग चेअर्स रंगवायच्या तर आधीचा रंग पार लाकडापर्यंत खरवडायचा, असं सगळेच सांगतात, पण ते खरं नाही. जुना थर घट्ट असेल तर नुसती चकाकी घालवायची, २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा, पुसायचं, मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. खरी गोची तेलकटपणाची, पाठीच्या वरच्या दांडीवर रोज हात लागतो ना तिथे बोट फिरवून बघा, चिकट लागेल, ते घासायच्या आधी साबणाच्या पाण्याने धुवा नाहीतर रंग तिथूनच सुटतो. पोपडे मात्र खरवडावेच लागतात, आणि रंग फारच जुना असेल तर कोरडं घासू नका, त्यात शिसं असू शकतं. सीट बहुतेकदा खालून चार स्क्रूंवर असते, ती काढूनच रंगवा.