तुमचा पैसा नेमका कोणाच्या ताब्यात आहे?

आमच्या सर्व ग्राहकांसाठी

गुंतवणुकीच्या सल्ल्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'किती टक्के सुटतील?' प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नसावा. पैसे दिल्यावर ते कोणाच्या ताब्यात जातात आणि ते तिथे खरोखर आहेत हे आपल्याला कोण सांगतं, हे आधी विचारायला हवं. हे पत्रक तेवढ्यासाठीच काढलं आहे.

काही महिन्यांपूर्वी आमचे एक जुने ग्राहक आले आणि मोबाइल टेबलावर ठेवला. एका अ‍ॅपवर त्यांची रक्कम चौपट झालेली दिसत होती. आकडा हिरव्या रंगात, दर मिनिटाला थोडा वर सरकणारा. रक्कम काढायची म्हटल्यावर आधी 'कर' भरा असा निरोप आला होता आणि तो भरावा का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आम्ही अ‍ॅप बाजूला ठेवायला सांगितलं आणि त्यांचं बँकेचं पासबुक उघडलं. पाच वेळा पैसे पाठवले होते, पाचही वेळा वेगवेगळ्या व्यक्तींच्या खात्यात. कंपनीचं नाव एकाही नोंदीत नव्हतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'पण सुरुवातीला थोडे काढले होते, तेव्हा मिळाले होते हो.'

सुरुवातीला मिळतातच. ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझी ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणून लोकांकडून पैसे घेत होता. टपालाची आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपनं एका देशात स्वस्तात घ्यायची आणि दुसऱ्या देशात जास्त किमतीच्या तिकिटांवर बदलून घ्यायची, असा त्याचा धंदा म्हणे. ऐकायला पटण्यासारखं होतं. आर्थिक पत्रकार क्लॅरेन्स बॅरन यांनी साधा गुणाकार केला. पाँझीकडे जमलेला पैसा खरोखर या धंद्यात असता, तर सुमारे १६ कोटी कूपनं फिरत असायला हवी होती. फिरत होती जेमतेम २७ हजार. तोवर जुन्यांना नफा वेळेवर मिळत होता, तो नव्यांच्या मुद्दलातून. याची टोपी त्याला. म्हणून 'मला दोनदा मिळाले' हा आम्ही पुरावा मानत नाही. ते दोन हप्ते म्हणजे त्या स्कीमचा जाहिरातीचा खर्च असतो.

दामदुप्पट ऐकलं की सावध होणारे लोकही फसतात, ते बर्नार्ड मॅडॉफच्या प्रकरणामुळे कळलं. हा माणूस अमेरिकेतल्या नॅसडॅक शेअर बाजाराचा माजी अध्यक्ष, लोकांचे पैसे गुंतवायला घ्यायचा. त्याने अवाच्या सवा काही कबूल केलं नाही. महिन्याला साधारण एक टक्का, बाजार वर असो की खाली. सांभाळून वागणाऱ्या माणसाला हवा असतो तसाच परतावा. मुळात शंका यायला हवी होती ती याच सपाटपणाची, कारण बाजारात लावलेला पैसा कधीतरी खाली येतोच. २००८ च्या मंदीत अनेकांनी एकदम पैसे परत मागितले, द्यायला काहीच नव्हतं, आणि ११ डिसेंबरला त्याला अटक झाली. ग्राहकांच्या स्टेटमेंटवर मिळून सुमारे ६५ अब्ज डॉलर दिसत होते. त्यामागची शेअरची खरेदी-विक्री झालीच नव्हती. मागच्या तारखांचे भाव बघून सोयीचे व्यवहार रचायचे आणि कार्यालयातच स्टेटमेंट छापून पाठवायची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

हे जमलं कसं? सल्ला देणारा तो, व्यवहार करणारा तो, शेअर सांभाळणारा तो आणि स्टेटमेंट पाठवणाराही तोच. एवढ्या मोठ्या कारभाराचं ऑडिट एका लहानशा कार्यालयातला एक लेखापरीक्षक करत होता. त्याने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला.

मग सरकार काय करत होतं, असं ग्राहक विचारतात. अमेरिकेच्या बाजार-नियामकाकडे, म्हणजे एसईसीकडे, १९९२ पासून गंभीर तक्रारी येत होत्या. हॅरी मार्कोपोलोस हे विश्लेषक २००० पासून सांगत होते. २००५ मध्ये त्यांनी धोक्याच्या सुमारे तीस खुणा लिहून दिल्या. अधिकारी तपासणीला गेलेही. पण व्यवहार खरोखर झाले का, हे मॅडॉफला सोडून तिसऱ्या कोणाकडून त्यांनी पडताळलं नाही. २००६ मध्ये त्याने रोखे ठेवणाऱ्या मध्यवर्ती संस्थेतला आपला खाते क्रमांकच त्यांना दिला. आता त्या संस्थेला एक फोन होईल, खात्यात शेअर नाहीत हे कळेल आणि आपण पकडले जाऊ, असं त्याला वाटलं होतं, हे पुढे त्यानेच सांगितलं. तो फोन झाला नाही. या प्रकरणातली हीच गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त खुपते, कारण त्यानंतरही अडीच वर्षं लोक त्याच्याकडे पैसे देत राहिले.

याचा अर्थ देखरेख निरुपयोगी आहे असा काढू नका. नोंदणी नसलेल्या माणसाकडे पैसे दिले, तर उद्या दार ठोठवायलाही जागा राहत नाही. म्हणून नोंदणी क्रमांक नियामकाच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा, समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून नव्हे. मात्र नोंदणी म्हणजे धंदा करायचा परवाना. तुमच्या मुद्दलाची हमी तिच्यात नसते. मॅडॉफनंतर एसईसीने नियम बदलले आणि ग्राहकांचा पैसा स्वतःकडे ठेवणाऱ्या सल्लागारांची अचानक तपासणी बाहेरच्या स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून करून घेणं सक्तीचं केलं. सल्लागाराच्या शब्दावर न थांबता तिसऱ्याकडून खात्री करायची, हेच ग्राहकानेही करावं.

आमच्यापुरतं सांगतो. आमच्या फर्मच्या किंवा आमच्यापैकी कोणाच्या नावाने गुंतवणुकीचे पैसे आम्ही घेत नाही. ते थेट गुंतवणूक संस्थेच्या खात्यात जातात आणि स्टेटमेंटही तिथूनच, तुमच्या पत्त्यावर येतं. आम्ही दिलेला तक्ता सोयीसाठी आहे, तो त्या स्टेटमेंटशी ताडून बघत जा. फरक दिसला तर आम्हाला विचारण्याआधी त्या संस्थेला विचारा. आम्हाला राग येणार नाही. एखाद्या योजनेवर आम्हाला कमिशन मिळत असेल, तर ते तुम्ही सही करण्याआधी लेखी देतो. आमच्याकडून कोणी कधी रोख मागितली किंवा खासगी खात्यात पैसे पाठवायला सांगितलं, तर पाठवू नका आणि थेट आमच्या कार्यालयात या.

आणखी एक, जरा अवघड विषय. अशा स्कीममध्ये माणूस बहुधा अनोळखी एजंटामुळे जात नाही. भाऊ, मैत्रीण, जुना सहकारी त्याला नेतो, तोही अगदी मनापासून. मॅडॉफ प्रकरणात न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्ताने १४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम परत मिळवली. त्यातला काही भाग भरल्यापेक्षा जास्त काढून घेतलेल्या गुंतवणूकदारांकडून आला. आपण नफा समजून खर्च केला ते दुसऱ्याचं मुद्दल होतं, हे त्यांना तेव्हा कळलं. म्हणून स्वतः खात्री केली नसेल, त्या ठिकाणी कोणाला नेऊ नका.

फसवणूक झालीच असेल, तर लाजेने गप्प बसू नका. आधी बँकेला कळवा, तासाभरात कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. मग पोलीस आणि नियामक. अ‍ॅप मोबाइलवरून काढून टाकू नका. निरोप, पावत्या, ज्यांना पैसे गेले त्या खात्यांची नावं, सगळं जपून ठेवा. आणि बुडालेले पैसे सोडवून देतो, फक्त थोडी फी आधी भरा, असं सांगणारा फोन आला तर तो ठेवून द्या. फसलेल्यांची यादी हातात असलेलेच लोक बहुधा तो फोन करतात. आमच्या त्या ग्राहकांना असा फोन आठवड्याभरात आला होता.