अष्टमीचं पाणी आणि तारावाचा खडक

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. काही वर्षांपूर्वी ओहोटीची वेळ नीट बघून मी तिथे पोहोचलो. पाणी उतरत गेलं, थांबलं आणि मांडीएवढं असतानाच पुन्हा चढायला लागलं. वाळूत जाळं उकलत बसलेल्या एका कोळीकाकांनी मान वर न करताच सांगितलं, "आज अष्टमी. भांगाचं पाणी. आज वाट मोकळी व्हायची नाही."

अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे आपण शाळेत शिकतो. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. भांगाला ते ना धड चढतं, ना धड उतरतं. मला त्या दिवशी नीट ओहोटी मिळाली नाही, एवढंच माझं नुकसान झालं. पण दुसऱ्या महायुद्धात, २० नोव्हेंबर १९४३ ला पॅसिफिक महासागरातल्या तारावा या प्रवाळबेटावर नीट भरती मिळाली नाही, आणि अमेरिकेच्या सेकंड मरीन डिव्हिजनची शेकडो माणसं त्या उथळ पाण्यात मारली गेली. आपल्या पंचांगाच्या भाषेत त्या दिवशी कार्तिक वद्य अष्टमी होती.

ही डिव्हिजन काय होती ते आधी सांगायला हवं. १ फेब्रुवारी १९४१ ला सॅन डिएगोमध्ये ती उभी राहिली. समुद्रातून येऊन किनाऱ्यावर उतरणं आणि तिथून लढत आत शिरणं हे तिचं काम. तिची रचना तिनाच्या पाढ्यावर बेतलेली होती. तीन प्लॅटूनची कंपनी, तीन रायफल कंपन्यांची बटालियन, तीन बटालियनची रेजिमेंट आणि अशा तीन पायदळ रेजिमेंट: दुसरी, सहावी आणि आठवी. सोबत तोफखान्याची दहावी रेजिमेंट आणि इंजिनिअरांची अठरावी. सगळी मिळून १८ हजारांच्या आसपास माणसं. इथे भारतीय वाचकाचा हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्री या रेजिमेंटच्या बटालियन वेगवेगळ्या ब्रिगेडमध्ये विखुरलेल्या असतात, तिथे मात्र अख्खी रेजिमेंट एकत्र लढायला जाते. 'सेकंड मरीन्स' म्हटलं की ती रेजिमेंट, डिव्हिजन नव्हे.

तिनाच्या या रचनेमागे साधा हिशेब आहे. दोघांनी भिडायचं, तिसऱ्याने मागे थांबून जिथे गरज पडेल तिथे धावायचं. म्हणजे सगळी ताकद मागून पुढे येणाऱ्या ओघावर अवलंबून. किनाऱ्यावर उतरताना हा ओघ लाटांमध्ये मोजतात: पहिली लाट, दुसरी लाट, तिसरी लाट. पॅसिफिकमधल्याच ग्वाडलकॅनाल बेटावर लढून आणि न्यूझीलंडमध्ये सावरून ही डिव्हिजन मेजर जनरल ज्युलियन स्मिथ यांच्या हाताखाली तारावाला आली, तेव्हा सहावी रेजिमेंट वरिष्ठांनी राखीव म्हणून स्वतःकडे ठेवून घेतली होती. तिनाचा हिशेब तिथेच दोनावर आला.

लढाई झाली ती तारावातल्या बेटिओ नावाच्या तुकड्यावर. जेमतेम एक चौरस किलोमीटरहून थोडी मोठी जागा, आणि तिच्यावर कोरियन मजुरांसह साडेचार हजारांहून अधिक जपानी फौज. बेटाभोवती प्रवाळाचा सपाट खडक आहे, किनाऱ्यापासून पाचशे-सहाशे मीटर आत समुद्रात पसरलेला. पहिल्या तीन लाटांसाठी साखळीपट्ट्यांवर चालणारी उभयचर वाहनं होती. ती पाण्यात पोहतात आणि खडकावर चढून रणगाड्यासारखी चालतात. पण ती सव्वाशेच्या आसपासच. चौथ्या लाटेपासून पुढे सगळे हिगिन्स होड्यांमध्ये, म्हणजे माणसं किनाऱ्यावर उतरवायच्या साध्या होड्यांमध्ये. माणसांनी भरलेल्या हिगिन्स होडीला तरंगायला साडेतीन-चार फूट पाणी लागतं. खडकावर पाच फूट पाणी येईल, अशी आशा होती. आलं तीन फुटांच्या आसपास.

होड्या खडकाच्या कडेला अडकल्या. माणसं उतरली आणि छातीपर्यंतच्या, पुढे कमरेपर्यंतच्या पाण्यातून, रायफल डोक्यावर धरून, मशीनगनच्या समोर चालू लागली. आठव्या रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचे या चालण्यात भयंकर हाल झाले. शर्मन रणगाडे खडकाच्या कडेलाच उतरवावे लागले. त्यातले काही बॉम्बने पडलेल्या, पाण्याखाली न दिसणाऱ्या खड्ड्यांत बुडाले. दहाव्या रेजिमेंटच्या लहान तोफा सुट्या करून, भाग वाहून किनाऱ्यावर न्याव्या लागल्या. डिव्हिजनचा ओघ खडकाच्या कडेशी तुटला होता.

आता माझ्या आवडीचा भाग. पाणी का आलं नाही?

चंद्र समुद्राला 'ओढतो' म्हणून भरती येते, हे अर्धंच खरं. नुसत्या ओढीवर सूर्य चंद्राला केव्हाच हरवतो. पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या सुमारे १७९ पट आहे. भरती येते ती ओढीतल्या फरकामुळे. चंद्राकडच्या बाजूचं पाणी चंद्राच्या जवळ असतं म्हणून जास्त ओढलं जातं, पृथ्वीचा मध्य त्याहून कमी, पलीकडचं पाणी सर्वांत कमी. म्हणून फुगवटे दोन येतात आणि बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा भरती येते. ओढ अंतराच्या वर्गाने घटते. हा फरक मात्र अंतराच्या घनाने घटतो. सूर्य चंद्राच्या सुमारे ३८९ पट लांब आहे. म्हणून १७९ ला ३८९ ने भागा: ०.४६. भरतीच्या बाबतीत चंद्राचा जोर १ धरला, तर सूर्याचा निम्म्याहूनही कमी.

अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात: १ अधिक ०.४६, म्हणजे १.४६. अष्टमीला ते काटकोनात असतात, एकाच्या फुगवट्यावर दुसऱ्याचा खळगा येतो: १ वजा ०.४६, म्हणजे ०.५४. हा भांग.

पण चंद्राची कक्षा वर्तुळ नाही. त्याचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, आणि सर्वांत दूरच्या बिंदूवर, म्हणजे अपभूला, सुमारे ४,०५,५००. फरक साडेपाच टक्क्यांचा, पण घन केला की चंद्राचा जोर १ वरून ०.८५ वर येतो. सूर्य आपल्या ०.४६ वर जवळपास तसाच. उरले ०.३९. उलट पौर्णिमा किंवा अमावास्या चंद्र जवळ असताना आली, तर बेरीज १.६४. म्हणजे समुद्राला हलवणाऱ्या जोरात चौपटीहून जास्त फरक! अष्टमी आणि अपभू असा योग साधारण सात महिन्यांनी एकदा जुळतो. २० नोव्हेंबर १९४३ च्या सुमाराला तो जुळला होता. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी हे गणित १९८७ मध्ये मांडलं, तेव्हा कुठे ४४ वर्षांपूर्वीच्या त्या पाण्याचा नीट उलगडा झाला.

हाच चंद्र जवळ आला की 'सुपरमून'चे मेसेज फिरतात: आपल्या शरीरात ७० टक्के पाणी आहे, म्हणून पौर्णिमेला मन उचंबळतं. वरचं गणित इथे लावून पाहा. महत्त्व फरकाला आहे, आणि फरकासाठी दोन टोकांत अंतर हवं. समुद्राची दोन टोकं १२,७०० किलोमीटर लांब आहेत, तुमचं डोकं आणि पाय पावणेदोन मीटर. चंद्रामुळे त्या दोहोंत पडणारा फरक पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे तीस लाख कोटीत एक भाग आहे. कृपा करून असले मेसेज पुढे पाठवू नका.

तारावाचं पाणी आधी सांगता आलं नसतं का? भरतीचं भाकीत करायला त्या जागेच्या बऱ्याच काळाच्या नोंदी लागतात. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून त्या आहेत. बेटिओसाठी तशा नव्हत्या. होता तो माणूस. त्या बेटांवर अनेक वर्षं राहिलेले मेजर फ्रँक हॉलंड निक्षून सांगत होते, की या दिवसांत खडकावर तीन फुटांपेक्षा जास्त पाणी मिळणार नाही. स्मिथ यांनी ते मनावर घेतलं आणि माणसांना चालत जावं लागण्याची कल्पनाही दिली. तारीख मात्र बदलली नाही. मला राहून राहून त्या कोळीकाकांची आठवण येते.

लढाई ७६ तास चालली. सुमारे एक हजार अमेरिकन मेले, दोन हजारांहून अधिक जखमी झाले. बेटावरच्या फौजेतले १७ जपानी सैनिक आणि १२९ कोरियन मजूर तेवढे जिवंत सापडले. दुसऱ्या रेजिमेंटचे कर्नल डेव्हिड शूप जखमी अवस्थेत तुटलेला ओघ सांभाळत राहिले. पुढे ते सगळ्या मरीन कोअरचे प्रमुख झाले.

सात महिन्यांनी याच डिव्हिजनला सायपान बेटावर उतरायचं होतं. तिथेही खडक होता. या वेळी उभयचर वाहनं सातशेहून अधिक होती. आणि आदल्या दिवशी, १४ जून १९४४ ला, नौदलाचे पाणबुडे दिवसाउजेडी गोळीबारात खडकापर्यंत पोहत गेले. हातात अंतर मोजायला गाठी मारलेली मासेमारीची दोरी, आणि पाणी किती खोल आहे ते उभं राहून मोजता यावं म्हणून अंगावर फुटाफुटाला रंगवलेले काळे पट्टे.