हवामानबदल आणि मुंबईतील दृश्यकला

हवामानबदलाची कारणे, त्याचे शहरावर होणारे परिणाम आणि त्यात उखडली जाणारी माणसे यांना विषय किंवा माध्यम करून मुंबईतील चित्रकार, शिल्पकार व व्हिडिओ कलावंतांनी केलेले काम. ही एका गटाची चळवळ नाही आणि तिचा जाहीरनामाही नाही. मात्र २००५ नंतरच्या या कामांकडे एकत्र पाहिले की बहुतेक कलावंत पाण्याशी, आणि पाण्याला अडवण्याच्या हट्टाशी झुंजताना दिसतात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी कुलाब्यात ८० मिमीही पाऊस झाला नाही. मिठी नदीकाठचे कुर्ला, कलिना, वांद्रे बुडाले, दक्षिण टोक जवळजवळ कोरडे राहिले. शहरातील बहुतेक मोठी कलादालने याच दक्षिण टोकाला, काळा घोडा आणि कुलाबा परिसरात आहेत. पुढील मजकूर वाचताना हे ध्यानात ठेवावे.

या महापुराला मिळालेले सर्वांत विचारपूर्वक दृश्य उत्तर म्हणजे भूदृश्यरचनाकार अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांचे ‘सोक : मुंबई इन अॅन एस्चुअरी’ हे प्रदर्शन. ते २००९ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई दालनात भरले होते. त्यांचा रोख नकाशावर होता. इंग्रज सर्वेक्षकांनी कोरड्या ऋतूतील मुंबई कागदावर आणली, जमीन आणि समुद्र यांच्यामध्ये एक ठाम रेघ ओढली आणि पावसाळा नकाशाबाहेर ठेवला. नंतरच्या भरावांनी, बांधांनी आणि गटारांनी ती रेघ खरी करण्याचा प्रयत्न केला. माथुर व दा कुन्हा यांनी वरून पाहिलेल्या नकाशाऐवजी उभे छेद काढले, छायाचित्रे व छापचित्रे एकावर एक रचली आणि भरती-ओहोटीत सतत रूप पालटणारा खाडीमुखाचा प्रदेश उभा केला. तिवरांचे जंगल, खाजण, मिठागरे, ओढे हे सारे त्यांत पाणी जिरवणारे आणि थोपवणारे भाग म्हणून येतात. पुराला शत्रू मानून भिंती उंचावत नेण्यापेक्षा पाण्याला सामावून घेणारे शहर आखावे, हे त्यांचे म्हणणे. मुंबई महानगरपालिकेचा हवामान कृती आराखडा २०२२ मध्ये आला. त्याच्या तेरा वर्षे आधी एका कलादालनाच्या भिंतींवर हा विचार इतक्या स्पष्टपणे मांडला गेला होता, याची नोंद व्हायलाच हवी.

भरती-ओहोटीचे हे ज्ञान कोळीवाड्यांना नवे नाही. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील पराग तांडेल यांची शिल्पे त्याच ज्ञानातून येतात. बोंबलासह खाडीतील आणि समुद्रातील जीव, जाळी, होड्या आणि मासेमारीवर जगणाऱ्या समाजाच्या आठवणी हे त्यांचे विषय. कादंबरी कोळी यांच्यासह त्यांनी ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज’ उभा केला असून त्यात कोळी समाजाचा इतिहास आणि खाद्यसंस्कृती जपली जाते. तापणारा अरबी समुद्र, खाडीत उतरणारे सांडपाणी आणि किनाऱ्यावरील भराव ही संकटे कोळ्यांच्या आयुष्यात एकमेकांत मिसळूनच येतात. म्हणून या कामाला नुसते पर्यावरणवादी म्हणणे अपुरे ठरते.

हवामानबदलाच्या कारणांकडे वळणारे काम तुलनेने थोडे आहे. प्रभाकर पाचपुते (जन्म १९८६) मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती गावचे. त्यांच्या घरातील माणसे कोळसा खाणीत राबली. २०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाउस इनिशिएटिव्हमध्ये त्यांचे ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे पहिले एकल प्रदर्शन झाले. डोक्याच्या जागी अवजार किंवा दिवा असलेले खाणकामगार, पोखरलेली जमीन, आणि हे सारे कोळशानेच भिंतीवर रेखाटलेले. चंद्रपूरहून सुमारे ७५० किमी लांबीची उच्चदाब वाहिनी भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत कोळशावर तयार झालेली वीज आणते. मुंबई परिसरातील प्रेक्षकाचा त्या खाणीशी असलेला संबंध इतका थेट आहे. नवजोत अल्ताफ (जन्म १९४९) यांनी छत्तीसगडमधील बस्तर येथील आदिवासी कलावंतांबरोबर दीर्घकाळ काम केले. खाणींनी उद्ध्वस्त होणारी जंगले आणि तिथल्या लोकांचा प्रतिकार त्यांच्या व्हिडिओ मांडणीत येतात. तुषार जोग यांनी २०१० मध्ये मोटारसायकलवरून मुंबई ते शांघाय हा प्रवास कलाकृती म्हणून केला. सरदार सरोवर आणि चीनमधील थ्री गॉर्जेस ही दोन धरणे त्या वाटेवरचे मुख्य टप्पे होते.

जितीश कल्लाट यांचे ‘अॅक्वासॉरस’ (२००८) हे पाण्याच्या टँकरचे हाडांचे सांगाडारूप शिल्प. नंतरच्या त्यांच्या चित्रमालिकांत कोरडे रंगद्रव्य लावलेला कागद काही क्षण पावसात धरला जातो आणि चित्र थेंब पूर्ण करतात. रीना सैनी कल्लाट यांनी ‘सॅलाइन नोटेशन्स’ (२०१५) मध्ये किनाऱ्यावर मिठाने अक्षरे लिहिली. भरतीने ती पुसली. मागे छायाचित्रे उरली. पाऊस, मीठ, कोळसा अशा पदार्थांनाच बोलू देणारी ही कामे घोषणा लिहिलेल्या चित्रांपेक्षा अधिक टिकतात, कारण त्यांत विषय आणि साधन वेगळे काढता येत नाहीत.

१८७५ मध्ये सुरू झालेल्या, कुलाब्यातील ससून डॉक या मासळी बंदरात २०१७ साली भरलेल्या कलाप्रकल्पात सिंगापूरच्या टान झी शी यांनी टाकाऊ प्लास्टिक छतापासून टांगून प्रेक्षकांना त्याखालून चालायला लावले. मासळी उतरवणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या बायका आणि कलाप्रेमी गर्दी एकाच धक्क्यावर आली, हे त्या प्रकल्पाचे मोठे यश. एरवी हे काम दक्षिण मुंबईच्या कलादालनांतच अडकून पडते. दरवर्षी पाणी भरणाऱ्या कुर्ला, सायन, हिंदमाता या भागांत त्याच्या कायमस्वरूपी मांडणीसाठी एकही मोठे सार्वजनिक कलादालन नाही. पूर सोसणाऱ्या वस्त्यांना ही कामे पाहण्यासाठी लोकलने प्रवास करून कोरड्या टोकाला यावे लागते.